दाबाचा दरारा आणि ऊर्जेचा हिशेब

1800 सालच्या मार्च महिन्यात व्हेनेझुएलातील कालाबोसो या गावाजवळच्या एका चिखलाळ तळ्याच्या काठी उभे राहून अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट या जर्मन प्रवाशाने आणि त्याच्या बोंप्लां नावाच्या फ्रेंच सहकाऱ्याने जो प्रकार पाहिला, त्याचे वर्णन छापून आले तेव्हा, एरवी हुम्बोल्टच्या शब्दावर निःशंकपणे विसंबणाऱ्या विद्वानांपैकीही काहींनी त्याकडे पुढे बराच काळ अविश्वासानेच पाहिले. हुम्बोल्टला प्रयोगासाठी विजेच्या वामी जिवंत हव्या होत्या. त्या तर तळाच्या चिखलात दडून बसत आणि जाळ्याला दाद देत नसत. तेव्हा त्या मुलखातील लोकांनी आपल्या जुन्या वहिवाटीप्रमाणे माळावरून तीसेक घोडे आणि खेचरे वळवून आणली आणि आरडाओरडा करीत, लांब काठ्या नाचवीत ती सगळी पाण्यात लोटली. टापांच्या दणदणाटाने बिथरलेल्या वामी चिखलातून वर आल्या, घोड्यांच्या पोटाला अंग भिडवून त्यांनी झटक्यांमागून झटके द्यायला आरंभ केला, आणि आयाळ पिंजारलेली, डोळे विस्फारलेली ती जनावरे जीव घेऊन काठाकडे धावू लागली की काठावरची माणसे त्यांना हाकारून पुन्हा पाण्यात रेटीत. पहिल्या पाच मिनिटांतच दोन घोडे बुडाले. उरलेले मात्र, हुम्बोल्टला वाटले होते तसे, एकामागून एक मेले नाहीत. हळूहळू वामीच दमल्या, त्यांचे झटके मंदावले, घोडे सावरले, आणि मग दोरीला बांधलेल्या लहान भाल्यांनी टोचून त्या थकलेल्या वामी बिनदिक्कत काठावर ओढण्यात आल्या. शास्त्राच्या नावाखाली मुक्या जनावरांचे जे हाल झाले, त्यांची या थोर प्रवाशाला फारशी खंत वाटलेली दिसत नाही. पण निरीक्षक म्हणून तो पक्का होता, आणि त्याने नोंदवलेला एक तपशील आपल्या कामाचा आहे. बुडालेले घोडे विजेने मेले असे त्याने म्हटले नाही. झटक्यांनी ते बधिर होऊन पडले आणि इतरांच्या धांदलीत त्यांना उठता आले नाही, म्हणून ते बुडाले, असा त्याचा निर्वाळा होता. वामी पाण्याबाहेर झेप घेऊन शत्रूच्या अंगाला भिडतात, हे अमेरिकेतील केनेथ कॅटानिया या जीवशास्त्रज्ञाने 2016 मध्ये प्रयोगशाळेत दाखवून दिले, तेव्हापासून त्या जुन्या कथेकडे लोक जरा आदराने पाहू लागले आहेत.

आता या कथेतील कोड्याकडे वळू. विजेची वाम साधारणपणे पाचशे-सहाशे व्होल्टचा दाब निर्माण करते. दक्षिण अमेरिकेतील या वामींच्या एक नव्हे तर तीन जाती आहेत असे 2019 मध्ये जाहीर झाले, आणि त्यांपैकी एका जातीच्या वामीपाशी 860 व्होल्ट मोजले गेले. सजीवांच्या साऱ्या दप्तरात याहून मोठा आकडा नाही. आपल्या घरातील भिंतीवरच्या प्लगमध्ये असतात अवघे 230 व्होल्ट. तरीही वामीने पुनःपुन्हा झटके दिलेला घोडा धडधाकट बाहेर येतो, आणि ओल्या हाताने घरातील उघड्या तारेला स्पर्श केलेला माणूस कित्येकदा उठत नाही. दाबाच्या आकड्यावरून विजेचे सामर्थ्य ठरवावयाचे म्हटले तर हा न्याय उफराटाच म्हणावा लागेल. परंतु आपल्या मनात व्होल्ट या शब्दाचा दरारा असा काही बसला आहे, की जितके व्होल्ट अधिक तितकी वीज अधिक, हे समीकरण आपण कधी तपासूनच पाहत नाही.

व्होल्ट हे माप एका ठरावीक विद्युद्भारामागे किती ऊर्जा मिळेल ते सांगते. एकूण भार किती आहे याबद्दल ते चकार शब्द काढीत नाही. पावसाळ्यात तिमजली इमारतीच्या पन्हाळीतून ठिबकणारा थेंब तीस-पस्तीस फुटांवरून पडतो आणि तळहातावर जेमतेम जाणवतो; शेजारच्या कालव्याचे पाणी चार फुटांच्याच उंचीवरून पडत असले तरी त्यात सापडलेल्या माणसाला ते वाहून नेते. उंची म्हणजे दाब. पाण्याचे आकारमान म्हणजे विद्युद्भार. आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे ऊर्जा. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात, आणि शंभर ग्रॅमचे वजन एक मीटर उंच उचलायला सुमारे एक ज्यूल लागतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढील हिशेब अंगावर येणार नाही. व्होल्ट, अँपिअर आणि सेकंद या तिघांचा गुणाकार केला की ज्यूल हाती येतात. वामीचा एक झटका घ्या: दाब सहाशे व्होल्ट, प्रवाह जवळजवळ एक अँपिअर, आणि अवधी सेकंदाचा पाचशेवा भाग. गुणाकार होतो सव्वा ज्यूलच्या आतबाहेर. घोड्याला भेडसावून सोडणाऱ्या त्या प्रहारात एखादा सव्वाशे ग्रॅमचा पेरू जमिनीवरून उचलून मेजावर ठेवण्याइतकीच ऊर्जा असते.

हा भेद शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला तो, मौजेची गोष्ट अशी की, एका माशाच्याच निमित्ताने. अंगाने पाकटासारखा चपटा आणि वाटोळा असा विजेचा एक मासा भूमध्य समुद्रात सापडतो. त्याचे भाईबंद आपल्या अरबी समुद्रातही आहेत. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर या माशाचा जिवंत स्पर्श हा उपाय सांगून ठेवला आहे. 1772 मध्ये जॉन वॉल्श या इंग्रज गृहस्थाने (हा पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता) फ्रान्समधील ला रोशेल या बंदरी जाऊन या माशाचा धक्का विजेचाच असल्याचे पुरावे गोळा केले; पण लगेच आक्षेप निघाला. विजेने भारित केलेल्या लेडन पात्राची, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीची, तार जवळ आणली की चटकन ठिणगी पडते, हलके गोळे ओढले जातात. माशाजवळ यांपैकी काहीच होत नाही. मग ही वीज कशी?

या तक्रारीचा निकाल हेन्री कॅव्हेंडिश याने लावला. हा गृहस्थ अतिश्रीमंत, आणि त्याहूनही अधिक लाजाळू. घरातल्या दासींना हुकूम द्यायचे तेही चिठ्ठीवर लिहून देणारा. त्याने एक कृत्रिम मासाच तयार केला. पहिला लाकडाचा केला, तो मनासारखा साधला नाही. मग जाड कातडे मिठाच्या पाण्यात भिजवून त्याचे थर माशाच्या आकाराचे कापले, वीजइंद्रियांच्या जागी दोन्ही बाजूंना कथिलमिश्रित धातूचे पत्रे बसवले, आणि काचेच्या नळीतून नेलेल्या तारांनी त्यांची जोडणी लेडन पात्रांच्या एका मोठ्या तांड्याशी केली. हा कातडी मासा खाऱ्या पाण्यात बुडवून, पात्रे अगदी अल्प दाबाला परंतु एकदम पुष्कळशी भारित करून, त्याने पाहुण्यांना पाण्यात हात घालायला सांगितले. धक्का बसला, आणि खऱ्या माशाचा धक्का अनुभवलेल्यांनी तो ओळखला. ठिणगी मात्र पडली नाही. कॅव्हेंडिशचा 1776 मध्ये प्रसिद्ध झालेला युक्तिवाद असा, की विजेचे प्रमाण आणि विजेची तीव्रता या दोन निरनिराळ्या राशी आहेत. ठिणगीला तीव्रता लागते, धक्क्याला प्रमाणाचा मोठा वाटा असावा लागतो, आणि समुद्रातील त्या चपट्या माशापाशी प्रमाण उदंड असून तीव्रता बेताची असते. आज आपण एकीला विद्युद्भार म्हणतो आणि दुसरीला दाब. त्याच सुमारास लंडनला जिवंत पोचलेल्या दक्षिण अमेरिकन वामीपासून वॉल्शने अंधाऱ्या खोलीत ठिणगीही पाडून दाखवली, आणि वादाचे ते प्रकरण दप्तरी दाखल झाले.

समुद्रातल्या माशाने दाब बेताचा ठेवावा आणि नदीतल्या वामीने तो आकाशाला नेऊन भिडवावा, यात दोघांच्या बिऱ्हाडाचा संबंध आहे. खारे पाणी विजेला सहज वाट देते. तेथे थोड्या दाबानेही मोठा प्रवाह वाहतो, म्हणून समुद्रमाशाच्या अंगात विजेच्या पेशींचे आखूड आखूड स्तंभ शेकड्यांनी शेजारी शेजारी उभे असतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील गोडे पाणी विजेला अडवते. तेथे दाबावाचून प्रवाह निघत नाही, म्हणून वामीचे स्तंभ थोडे पण अतिशय लांब असतात. दोन मीटर लांबीच्या वामीत तिचे जठर, यकृत, हृदय, एवढेच काय गुदद्वारदेखील, हे सगळे डोक्याजवळच्या पाचव्या हिश्श्यात कोंबलेले असून मागचा सारा देह हा वीजघरालाच दिलेला असतो. वाम म्हटली तरी ती खऱ्या वामींच्या कुळातली नव्हे. तिचे जवळचे नाते शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशांशी आहे, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तिला पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घ्यावी लागते.

तिच्या वीजघरातील एकेक पेशी म्हणजे मुळात स्नायूची पेशी. पण आकुंचन पावण्याचे काम सोडून तिने चपट्या चकतीचे रूप घेतलेले असते. सर्वच जिवंत पेशींप्रमाणे तीही आपल्या पातळ आवरणातील सूक्ष्म पंपांनी सोडियमचे भारित कण बाहेर लोटते आणि पोटॅशियमचे आत ओढते, आणि त्यामुळे तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी इतकी ऋण राहते. विश्रांतीच्या वेळी चकतीच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंचा दाब सारखा आणि उलट दिशांचा, म्हणून बेरीज शून्य. मेंदूकडून आज्ञा आली की ज्या बाजूला मज्जातंतू येऊन मिळालेले असतात, तेवढ्याच बाजूची सोडियमची दारे क्षणभर उघडतात, त्या बाजूचा दाब उलटतो, आणि दोन्ही बाजूंचे दाब एकाच दिशेने मिळून चकतीच्या दोन टोकांमध्ये सुमारे 0.15 व्होल्ट उभे राहतात. 0.15 व्होल्ट म्हणजे काहीच नाही. पण अशा पाच-सहा हजार चकत्या एकापाठोपाठ एक रांगेत लागल्या की त्यांची बेरीज होते. अर्थात साऱ्या चकत्यांनी एकाच क्षणी पेटले पाहिजे. डोक्याजवळच्या आधी आणि शेपटीकडच्या मागून असे झाले तर झटका विस्कटून जाईल. त्यासाठी जवळच्या चकत्यांकडे जाणारा निरोप वाटेत जाणूनबुजून रेंगाळत ठेवण्याची तजवीज निसर्गाने केली आहे, आणि ती मला साऱ्या व्यवस्थेत सर्वांत विस्मयकारक वाटते.

हुम्बोल्ट कालाबोसोच्या परिसरात असताना, त्याच मार्च महिन्याच्या 20 तारखेला, इटलीतील कोमो येथून अलेस्सांद्रो व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिले. चांदीची चकती, जस्ताची चकती, मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. असा उभा मनोरा रचला असता त्याच्या दोन टोकांपासून विजेचा अखंड प्रवाह मिळतो, असे त्या पत्रात होते. जगातील पहिल्या बॅटरीचे ते वर्णन. व्होल्टाने तिची तुलना माशाच्या अंगातील इंद्रियाशी केली आणि आपल्या मनोऱ्याला कृत्रिम वीजइंद्रिय म्हटले, हे आज पेन्सिल सेल विकत घेणाऱ्याच्या गावीही नसते. 860 व्होल्टच्या त्या नव्या जातीला व्होल्टाचेच नाव देऊन संशोधकांनी ते ऋण फेडले आहे.

तो पेन्सिल सेल आता हिशेबाला घेऊ. दाब दीड व्होल्ट. दोन बोटांत धरला तरी मुंगी चावल्याइतकेही जाणवत नाही. पण चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये अडीच अँपिअर-तास एवढा विद्युद्भार असतो, आणि गुणाकार केला की ऊर्जा निघते साडेतेरा हजार ज्यूल. म्हणजे भिंतीवरचे घड्याळ वर्षभर चालवणाऱ्या त्या मुकाट नळकांड्यात वामीच्या दहा हजारांहून अधिक झटक्यांची पुंजी साठवलेली असते. मोबाइलच्या बॅटरीचा दाब पावणेचार व्होल्टच्या आसपास. पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली म्हणजे सत्तर हजार ज्यूलच्या जवळपास. ही संख्या मोठी वाटत असेल तर चहाबरोबरच्या एका लहानशा ग्लुकोज बिस्किटाकडे पाहावे: त्यातील वीसएक किलोकॅलरी म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक ज्यूल, आणि त्यासाठी कोणीही धोक्याची पाटी लावीत नाही. घरातल्या इन्व्हर्टरच्या 12 व्होल्टच्या, दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत साडेचौसष्ट लाख ज्यूलच्या वर ऊर्जा असते. कोरड्या हाताने तिच्या दोन्ही टोकांना स्पर्श केला तर काहीही कळत नाही, पण कारागिराचा पाना चुकून दोन टोकांवर आडवा पडला तर शेकडो अँपिअरचा लोट उसळून तो पाना लाल होतो आणि बोटातली अंगठी असेल तर बोट जायची पाळी येते. जाणते कारागीर काम सुरू करण्यापूर्वी अंगठी काढून ठेवतात ते याचसाठी.

उलट टोकाचे दाखलेही घरातच आहेत. स्वयंपाकघरातील गॅसचा लायटर दाबला की आतील लहानशी हातोडी एका विशिष्ट चिनीमातीच्या खड्यावर आदळते, आणि त्या आघाताने दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊन टोकाशी ठिणगी उडते. ऊर्जा किती म्हणाल, तर ज्यूलचे काही सहस्रांश. गॅस आणि हवा यांचे मिश्रण पेटायला त्याहूनही कमी, सहस्रांशाच्या पाव हिश्श्याएवढी पुरते. माघातल्या कोरड्या रात्री अंधारात लोकरी किंवा नायलॉनचा स्वेटर डोक्यावरून काढताना जी तडतड ऐकू येते तिच्यामागे कित्येक हजार व्होल्ट असतात. पाच हजार व्होल्टला चढलेल्या मानवी देहात साठलेली वीज मोजली तर ती सव्वा सहस्रांश ज्यूल भरेल. आणि ज्या आकाशीच्या विजेने माणसाला विजेची पहिली धास्ती दिली, तिच्या एका लोळातील ऊर्जा साधारणतः शंभर कोटी ज्यूल धरतात. आकडा प्रचंड, परंतु वीजमंडळाच्या बिलाच्या भाषेत, एका युनिटचे छत्तीस लाख ज्यूल या दराने, ती होते पावणेतीनशे युनिटच्या घरात, आणि एवढी वीज एखादे सुखवस्तू कुटुंब महिना-दोन महिन्यांत संपवून मोकळे होते.

मग मारते ते काय? एकटा दाब नव्हे हे झाले. एकटी साठवलेली ऊर्जाही नव्हे, नाहीतर बिस्किटाने माणूस दगावला असता. शरीरातून प्रत्यक्ष किती प्रवाह, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने गेला, यावर सारे अवलंबून आहे. आणि याचा धडा विदर्भातल्या शेतकऱ्याला पुस्तकाविना मिळालेला आहे. रानडुकरांनी आणि रोह्यांनी एका रात्रीत तुरीचा किंवा हरभऱ्याचा फडशा पाडावा, हा तेथला नित्याचा गाऱ्हाण्याचा विषय. त्यावरचा बंदोबस्त म्हणून शेताच्या कडेने खुंट्यांवर तार ताणतात आणि ती झटका मशीनला जोडतात. बांधावरच्या एका खोक्यात 12 व्होल्टची बॅटरी, वर तिला भरत राहणारे हातरुमालाएवढे सौर पॅनेल, आणि आत दर सेकंदाला टक्-टक् असा आवाज. प्रत्येक टक् म्हणजे एका धारित्रात साठवलेला भार रोहित्रातून एकदम तारेत सोडणे: दाब पाच ते दहा हजार व्होल्ट, अवधी सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी, आणि ऊर्जा, आंतरराष्ट्रीय नियमाने मुक्रर केलेल्या हद्दीप्रमाणे, पाच ज्यूलच्या आत. डुकराचे ओले नाक तारेला लागते, वीज त्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राच्या पुरलेल्या सळईकडे परतते, डुक्कर केकाटून पळते आणि त्या बांधाची आठवण ठेवते. उन्हाळ्यात भुई वाळली की परतीची वाट बिघडते आणि झटका मंद होतो. म्हणून जाणता शेतकरी सळईपाशी घागरभर पाणी ओततो. क्षणिक, उच्च दाबाचा, थोडक्या ऊर्जेचा आणि पुनःपुन्हा येणारा असा हा प्रहार वामीच्याच घडणीचा आहे.

त्याच बांधावर दुसरा एक प्रकार चालतो, आणि तो उघड उघड गुन्हा आहे. काही जण झटका मशीनचा खर्च वाचवण्यासाठी, काही शिकारीच्या लोभाने, खांबावरच्या तारेला आकडा टाकून घरगुती 230 व्होल्टची वीज सरळ कुंपणात सोडतात. झटका मशीनच्या पाच-दहा हजारांच्या मानाने 230 म्हणजे काय, असे म्हणणारा मनुष्य त्या तारेशी आला तर पुन्हा काही म्हणायला उरत नाही. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमच्या आसपास धरला तर त्यातून अँपिअरचा पाव हिस्सा प्रवाह वाहतो, आणि हा प्रवाह टक् करून थांबत नाही. सेकंदाला पन्नास आवर्तने करीत तो चालूच राहतो, त्याच्यामागे कोराडी किंवा चंद्रपूरचे औष्णिक केंद्र उभे असते. दहा-वीस मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली तार सोडता येत नाही. शंभरच्या वर गेला आणि सेकंदभर टिकला तर हृदयाचे ठोके विस्कटतात. अशा तारांना लागून विदर्भात वाघ मेले आहेत, रात्री पाण्याच्या पाळीला निघालेली माणसेही मेली आहेत. घराच्या फलकावर बसवायचा गळती-रक्षक खटका तीस मिलिअँपिअरची गळती दिसताच सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. त्याची किंमत सणाच्या एका साडीहून अधिक नसते, आणि तरी तो बसवण्याची दिरंगाई का होते हे मला कधी उमगलेले नाही.

दाबाचा दरारा अनाठायी आहे असे म्हटल्यामुळे कोणी उच्चदाबाच्या खांबाशी सलगी करू नये. अकरा हजार व्होल्टच्या तारेवर कावळा खुशाल बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबाला असतात आणि दाबात फरक नसेल तर प्रवाहाला कारणच नसते. मोठे वटवाघूळ पंख पसरून दोन तारांना एकदम भिडले की तो फरक मिळतो, आणि तारेला लटकून राहिलेली त्यांची वाळकी कलेवरे आपण रस्त्याने जाता-येता पाहतो.

हृदयाचे ठोके विजेने विस्कटतात, कारण ते मुळात विजेनेच बांधलेले असतात. वामीची चकती आणि आपल्या हृदयाची पेशी यांची वीज एकाच जातीची: आवरणाच्या दोन बाजूंत सत्तर-नव्वद सहस्रांश व्होल्टचा फरक. हा आकडा पाहून नाक मुरडण्यापूर्वी त्या आवरणाची जाडी विचारात घ्यावी; ते मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ असते, आणि एवढ्याशा अंतरात तो दाब सामावल्यामुळे तेथील विद्युत्क्षेत्र मीटरला एक कोटी व्होल्टच्या घरात जाते. हवेत मीटरला तीस लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. देहातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणावर, आपण स्वस्थ निजलेलो असतानाही, हा ताण अष्टौप्रहर असतो, आणि तो टिकवून धरण्यात आपल्या अन्नातील ऊर्जेचा बराच मोठा वाटा खर्ची पडतो.

हृदयाच्या कोट्यवधी पेशींची ही वीज कातडीपर्यंत पोचेतो एक सहस्रांश व्होल्टएवढी उरते. 1887 मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर याने ती प्रथम बाहेरून मोजून दाखवली, आणि पुढे तो आपल्या जिमी नावाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवून लोकांपुढे त्याचे प्रयोग करी. 1909 मध्ये पार्लमेंटात कोणी सभासदाने या कुत्र्याच्या छळाबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा गृहमंत्र्यांना अशी कैफियत द्यावी लागली की कुत्र्याचे पाय ज्या द्रवात होते ते साधे मीठपाणी होते. लायडनच्या विलेम आइंटहोवेन याने चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये काचतंतूहून बारीक असा स्फटिकाचा धागा ताणून या विजेचा नेमका आलेख काढला; त्या यंत्राचे वजन सुमारे 270 किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. 1924 चे नोबेल पारितोषिक त्याला यासाठी मिळाले. आज तेच काम तालुक्याच्या दवाखान्यात पिशवीत मावणारे यंत्र करते.

ठोके विस्कटलेल्या हृदयाला पुन्हा ताळ्यावर आणण्यासाठी छातीवर दोन पट्ट्या लावून जो झटका देतात, तो दीडशे ते दोनशे ज्यूलचा असतो; हजार-दोन हजार व्होल्ट, काही सहस्रांश सेकंद. वामीच्या सव्वाशे-दीडशे झटक्यांची ऊर्जा एका दमात दिल्यासारखी ती होते. कारण तेथे हृदयाच्या बेबंद झालेल्या सगळ्याच पेशींना एकदम गप्प करायचे असते, आणि प्रवाहाचा बराचसा भाग बरगड्या, फुप्फुसे आणि चरबी यांतूनच परस्पर निघून जातो. पेसमेकरची गोष्ट निराळी. त्याच्या तारेचे टोक थेट हृदयाच्या भिंतीला टेकलेले असते. तेथे अडीच व्होल्ट, पाच मिलिअँपिअर, आणि सेकंदाच्या सहस्रांशाच्याही निम्म्याहून कमी वेळ एवढे दिले की पुरे, एका ठिकाणच्या थोड्या पेशी चेतवल्या की उरलेल्या शेजारधर्माने चेततात. प्रत्येक ठोक्यामागे खर्च ज्यूलच्या दहा लाख भागांपैकी पाच भाग. मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर वर्षाला पावणेचार कोटींवर ठोके होतात, आणि त्या सगळ्यांचा मिळून खर्च होतो एकशे नव्वद ज्यूलच्या आतबाहेर, म्हणजे छातीवरच्या त्या एका झटक्याएवढा. 1958 मध्ये स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाच्या देहात जगातला पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासच चालला. लगेच दुसरा बसवावा लागला. लार्सन पुढे 2001 पर्यंत, शहाऐंशी वर्षांचे होईपर्यंत जगले, आणि तेवढ्या अवधीत त्यांचे पंचवीसहून अधिक पेसमेकर बदलून झाले. आताच्या अनेक यंत्रांत लिथियम आणि आयोडीन यांचा सेल असतो, दाब 2.8 व्होल्ट, तो आठ-दहा वर्षे पुरतो, आणि त्यातला बहुतेक खर्च ठोके देण्यावर न होता हृदय आपणहून धडकते आहे की नाही हे ऐकत बसणाऱ्या मंडलावर होतो.